सहा महिने फक्त अंगावरचं दूध म्हणतात सगळे, पण शिकवतं कोण?

नवीआई_इचल

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या.

मला मागच्या महिन्यात मुलगी झाली. सिझर झालं, खाजगी दवाखान्यात, नाव लिहीत नाही. सध्या माहेरी इचलकरंजीला आहे. तर झालं असं की दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सरकारचं हे मोठं पोस्टर, "जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही", आणि मी ऑपरेशन थिएटरातून बाहेर येईपर्यंत बाळाला पावडरचं दूध पाजूनही झालं होतं. मी विचारलं तर सिस्टर म्हणाली मॅडम तुम्हाला तीन दिवस दूध येणारच नाही, तोवर बाळाला उपाशी ठेवायचं का? त्यावर मी काय बोलणार, टाके दुखत होते, गप्प बसले. डिस्चार्ज कार्डवर पण "टॉप फीड (म्हणजे वरचं दूध) ३० मिली दर ३ तासांनी" असं लिहून दिलंय आणि पुढे चक्क कंपनीचं नाव.

आता घरी परिस्थिती अशी की बाळ अंगावर घेतलं की मला जीव जाईल इतकं दुखतं, चिरा पडल्यात, ती पाच मिनिटं ओढते, रडते, मग वाटीत दूध कालवून दिलं की गप्प झोपते. सासूबाई फोनवर म्हणतात दूध पुरत नाही तर उगाच हट्ट कशाला, आमची आई म्हणते अळिवाचे लाडू खा, शतावरी घे, सगळं येईल. आणि गल्लीतल्या अंगणवाडीच्या ताई येऊन सांगून गेल्या की पावडरचा डबा आजच्या आज बंद करा. म्हटलं ताई बंद करते पण पाजू कशी ते तरी दाखवा, तर म्हणाल्या मला आत्ता दोन घरं उरकायची आहेत, फोटो टाकायचाय.

म्हणजे नक्की कुणाचं ऐकायचं? आणि दुसरा प्रश्न, सरकार यात पोस्टर लावण्यापलीकडे काही करतं का? नवरा म्हणतो सगळं पोषण माह आणि सेल्फीपुरतंच. खरंच तसं आहे का, की आपल्यालाच माहीत नसतं?

रात्रपाळी

ताई अभिनंदन आधी. मी सरकारी रुग्णालयात पीएनसी म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डला स्टाफ नर्स आहे, म्हणजे पोस्टर लावणाऱ्यांच्या बाजूचीच समजा :)

आधी बाळाचं बघू, सरकारचं नंतर. बाळ रडतं म्हणजे दूध कमी, हे डोक्यातून काढा. दूध पुरतंय की नाही ते दोन गोष्टींवरून कळतं, लघवी आणि वजन. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल, जन्माचं वजन दोनेक आठवड्यांत परत आलं असेल आणि त्यानंतर रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढत असेल तर पुरतंय. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडं घटतंच, त्याला घाबरायचं नसतं, पण नेमकं त्याच वेळी घरचे घाबरतात आणि डबा येतो. आणि पहिल्या दिवशी बाळाचं पोट केवढंसं, एका वेळेला चमचाभर चीक पुरतो, तो चीक सिझर झालेल्या बाईला पण असतोच. दूध उतरायला तीन ते पाच दिवस लागू शकतात हे खरं, पण त्याचा अर्थ तोवर काहीच नसतं असा नाही.

दुखतंय आणि चिरा पडल्यात म्हणजे दूध कमी नाहीये, बाळाची पकड चुकतेय. ती नुसतं बोंड ओढतेय. बोंडाच्या खालचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात गेला पाहिजे. उजव्या बाजूला पाजताना बाळाला डाव्या हाताने धरा, मान खांदे त्या हातात, पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं, आणि उजव्या हाताने स्तन खालून धरून थोडा दाबा, आपण वडापाव तोंडात मावावा म्हणून दाबतो ना तसा. नाक बोंडासमोर, मग ती मोठा आ करते त्याची वाट बघायची, घाई करायची नाही, आणि आ केला की हनुवटी आधी टेकवून पटकन जवळ घ्यायची. बाळाला स्तनाकडे आणायचं, स्तन बाळाकडे न्यायचा नाही, त्यानेच पाठ मोडते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवाल्यांनी डॉ. रूपल दलाल यांच्याबरोबर यावर व्हिडिओ केलेत, मराठीतही आहेत, फुकट आहेत, आई आणि सासूबाई दोघींना बरोबर बसवून दाखवा. आम्ही वॉर्डात तेच दाखवतो, वेळ असेल तेव्हा.

डबा एका दिवसात बंद करू नका, वजन बघत बघत कमी करा, बालरोगतज्ज्ञांना सांगून. आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग लागलं तर पिळून काढलेलं स्वतःचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, आणि मग अगदीच लागलं तर वरचं. बाटली आणू नका घरात. रात्रीचं पाजणं सोडू नका, रात्री पाजलं की दूध जास्त बनतं. डी व्हिटॅमिनचे थेंब लिहून दिले असतील तर ते चालू ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्राने "मा" नावाचा कार्यक्रम आणला, मदर्स ॲब्सोल्यूट अफेक्शन, माधुरी दीक्षित होती जाहिरातीत. त्यात नुसत्या जाहिराती नव्हत्या, आशा, एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) आणि आमच्यासारख्या नर्सना ट्रेनिंग द्यायचं होतं, म्हणजे नेमकं तुम्ही विचारताय तेच शिकवायला. ट्रेनिंग झालंही. पण एका नर्सकडे रात्री अख्खा वॉर्ड असतो, त्यात दोन सिझर, एक बीपीवाली, एक रक्त चढवायला लावलेली, तर प्रत्येक बाईजवळ वीस मिनिटं बसून पकड दाखवायला माणूस कुठून आणायचा ते कुणी सांगितलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघा. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुलं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे बाईला दवाखान्यापर्यंत पोचवायचं काम सरकारने खरंच केलं, दवाखान्यात बाळंतपणासाठी मिळणारे जननी सुरक्षा योजनेचे पैसे, १०२ ची रुग्णवाहिका, सगळं. पण आत आल्यावर तो पहिला तास वजन, टॅग, नातेवाइकांचे फोटो आणि वॉर्मरमध्येच जातो. कमरेतून भूल दिलेली बाई पूर्ण शुद्धीत असते, तिच्या छातीशी बाळ ऑपरेशन थिएटरातच देता येतं. देत नाहीत, कारण सवय नाही.

निवृत्त_एमआर

वरच्या नर्सबाईंनी सगळं नीट सांगितलंय, माझा मुद्दा त्या डिस्चार्ज कार्डाचा.

मी ऐंशीच्या दशकात औषध कंपनीचा एमआर (प्रतिनिधी) म्हणून बॅग घेऊन डॉक्टरांकडे फिरायचो, बेबी फूड माझ्या लिस्टमध्ये होतं, त्यामुळे हा धंदा आतून माहीत आहे. तेव्हा डब्यावर गुबगुबीत बाळाचा फोटो असायचा, दवाखान्यात कंपनीचं कॅलेंडर, वजनाचा तक्ता कंपनीचा, गुटगुटीत बालक स्पर्धेची बक्षिसं कंपनीची. आणि सॅम्पलचे डबे. त्याचं गणित सोपं होतं, बाळंतिणीला पहिला डबा फुकट, तो संपेस्तोवर तिचं दूध आटलेलं असायचं, मग पुढचा डबा ती पदरचे पैसे घालून आणणारच. त्यात गरीब घरात तो डबा महिना पुरवायचा म्हणून दूध पातळ कालवायचं, पाणी न उकळलेलं, आणि मग जुलाब. हे जगभर चाललेलं, म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याची आचारसंहिता केली.

आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजायच्या बाटल्या आणि शिशुआहार यावरचा, १ ऑगस्ट १९९३ पासून लागू. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या दुधाची, बाटल्यांची, बेबी फूडची जाहिरात नाही, फुकट सॅम्पल नाही, भेटवस्तू नाही, डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो नाही, आईचं दूध सर्वोत्तम ही सूचना ठळक छापायची. दवाखान्यात त्याचं प्रमोशन करायचं नाही आणि डॉक्टरांच्या परिषदेला कंपनीने पैसे द्यायचे नाहीत. हे फार थोड्या देशांनी इतकं कडक केलंय, ते श्रेय द्यायला हवं. पोस्टरपलीकडे सरकारने काय केलं असं विचारलंत तर माझ्या मते सगळ्यात मोठं काम हेच, आणि नेमकं हेच कुणाला माहीत नसतं.

आता डॉक्टर गरज असेल तर वरचं दूध लिहू शकतात, त्यात बेकायदा काही नाही. पण सरसकट प्रत्येक बाळंतिणीच्या कार्डावर एकाच कंपनीचं नाव येत असेल तर तो वैद्यकीय सल्ला नव्हे, प्रमोशन आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. बीपीएनआय (ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया) म्हणून संस्था आहे, तिला या कायद्याखाली तक्रार दाखल करायचा अधिकार सरकारनेच दिलाय, त्यांना फोटो पाठवला तरी पुरे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, दंड मात्र पाच हजारांपर्यंत. १९९२ मध्ये पाच हजार म्हणजे काहीतरी होते, आज तेवढं कंपनीच्या एका जेवणाचं बिल होईल.

अवांतर: दोन वर्षांवरच्या मुलांच्या दुधाची जाहिरात चालते, म्हणून आता तसलाच डबा, तेच नाव, तोच रंग, फक्त वर मोठ्या मुलाचं चित्र. आणि इन्स्टावरच्या ताया. कायदा कागदावर पकडतो, मोबाईलवर पळतो.

नवीआई_इचल

@रात्रपाळी खूप खूप आभार, व्हिडिओ लावलाय, आई पण बघतेय. लघवी आठ-नऊ वेळा होतेय, म्हणजे बरंय ना?
@निवृत्त_एमआर काका, फोटो काढून ठेवलाय. पण खरं सांगू का, लस द्यायला त्याच डॉक्टरांकडे जायचंय, गाव लहान, उद्या रात्री-अपरात्री बाळाला काही झालं तर तिथेच धावायचं. कायदा असून काय, तोंड कुणी उघडायचं?

मृण्मयी_ट

धागा चांगला चाललाय पण मला एक बोलायचंय, राग मानू नका. हे "आईचं दूध म्हणजे अमृत" ऐकून ऐकून ज्या बाईला खरंच येत नाही तिचं काय होतं ते कुणी बघत नाही. माझी जुळी बत्तिसाव्या आठवड्यात झाली, दोघं एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, मी पंप करून करून रडकुंडीला यायचे आणि बाहेर प्रत्येक भिंतीवर हसरी आई आणि गोंडस बाळ. भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, दूध आहे ना? अरे विचारायचं तर मी जेवले का ते विचारा.

आम्हाला दूध बँकेचं दूध मिळालं म्हणून निभावलं. बऱ्याच जणांना माहीत नसतं की आशियातली पहिली दूध बँक आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. महापालिकेचं हॉस्पिटल! कमी दिवसांची बाळं वरच्या दुधाने जंतुसंसर्ग होऊन जात होती म्हणून. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, ६२.५ अंशावर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात. पुण्यात ससूनमध्येही आहे. आधी स्वतःच्या आईचं, ते नसेल तर बँकेचं, ते नसेल तर पावडरचं, असा क्रम असतो. पण हे पोस्टरवर का नाही? पोस्टरवर फक्त "पाजा" असतं. नाही जमलं तर काय करा, कुठे जा, हे एका ओळीत लिहायला जागा नसते.

रात्रपाळी

@मृण्मयी_ट शंभर टक्के मान्य. ज्यांना खरंच दूध येत नाही अशा बायका असतात, थोड्या असतात पण असतात. त्यांना पावडर देताना मान खाली घालायला लावणं हा आमच्याच लोकांचा माज आहे. फक्त एवढंच म्हणेन की "येत नाही" म्हणून आमच्याकडे येतात त्यातल्या बहुतेकींना येत असतं, पकड चुकलेली असते. आणि @नवीआई आठ-नऊ म्हणजे उत्तम, आता वजन करा.

पाड्यावरची_ताई

मी अंगणवाडी सेविका आहे, नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात. ज्या ताईंनी तुम्हाला दोन घरं उरकायचीत म्हणून सांगितलं त्यांच्यावर रागावू नका ताई. आम्हाला मोबाईलवर पोषण ट्रॅकर हे सरकारचं ॲप भरावं लागतं, वजन उंची हजेरी सगळं, रेंज नसली तरी. २०२१ ला राज्यभरातल्या सेविकांनी सरकारचे मोबाईल परत नेऊन दिले होते, खराब फोन आणि इंग्रजी ॲप म्हणून. लिहिण्यात जेवढा वेळ जातो तेवढा बाळंतिणीजवळ बसायला मिळत नाही, हे खरं आहे, आम्हालाही कळतं.

पण बाळंतिणीच्या घरी जायचं आणि पाजणं बघायचं हे मुळात आशाताईचं काम. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, वजन, ताप, पाजणं सगळं बघायचं असतं. हे मूळ आपल्या गडचिरोलीचं, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेत गावातल्या बाईला शिकवून घरी नवजात बाळ सांभाळायचं केलं, ते पुढे देशभर घेतलं. तुम्ही माहेरी आलात, नाव सासरच्या यादीत असणार, म्हणून दोन्हीकडच्या आशांना वाटलं दुसरी जाईल. माहेरच्या आशाला बोलवा, माता बाल संरक्षण कार्ड दाखवा, येईल ती. शहरातही आशा असतात.

माझं म्हणणं वेगळंच आहे थोडं. आमच्या पाड्यावर पाजायला शिकवावं लागत नाही, बाया मूल पाठीला बांधून कामाला जातात, रडलं की पाजतात. आमच्याकडे मूल सहा महिन्यापर्यंत चांगलं असतं, खाली येतं ते सहाव्या महिन्यानंतर. उष्टावण झालं की डाळीचं पाणी, भाताची पेज, बिस्किट पाण्यात बुडवून. त्या पाण्यात काय असतं? पोट भरतं, अंगाला लागत नाही. घट्ट पाहिजे, चमचा तिरका केला तरी पटकन सांडू नये असं. मुगाचं खिमट, त्यात तेल किंवा तूप, अंडं, नाचणी, शेंगदाण्याचा कूट, जे असेल ते. पण दिवसातून तीन-चार वेळा ते भरवायला कोणीतरी घरी लागतं ना, आई रानात असते आणि मूल पाच वर्षांच्या बहिणीजवळ. रात्रपाळी ताईंनी सांगितलं त्याच सर्वेक्षणात आहे की देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. सहा महिन्यापर्यंत फक्त अंगावरचं दूध आपल्या राज्यात ७१ टक्के, आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी. मग मधे कुठे गळती लागली ते बघा.

सरकार काय देतं तेही सांगते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार, आम्ही टीएचआर म्हणतो. पाकिटातलं तयार पीठ असतं तेव्हा चव मुलांना आवडत नाही, कधी कधी शेळीच्या पुढ्यात जातं, खोटं कशाला बोलू. कोरोनात कडधान्य, गहू, डाळ असं कोरडं दिलं तेव्हा ते घरात शिजायचं तरी, पण सगळ्या घराने मिळून खाल्लं, बाळाचं म्हणून वेगळं राहिलं नाही. त्यापेक्षा आदिवासी भागातली अमृत आहार योजना मला चांगली वाटते, २०१५ पासून आहे. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला एक वेळचं गरम जेवण अंगणवाडीतच बसून, आणि सात महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. डोळ्यासमोर खाल्लं जातं. पैसे वेळेवर येत नाहीत तेव्हा दुकानदार उधार देतो, त्याला आम्ही तोंड चुकवत फिरतो, ते सोडा.

आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातला जातो. इथे वाढवलेलं वजन तिकडे जातं. परत आले की दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, मग परत बाल विकास केंद्रात घ्यायचं, परत चार घास जास्त, परत वर आणायचं. तोवर पुढची दिवाळी.

हिंजवडी_लोकल

ताई तुमचा प्रतिसाद वाचून काही वेळ काही लिहावंसं वाटेना. बढिया लिहिता, लिहीत राहा.

मी दुसऱ्या टोकाची. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं म्हणजे पाळणाघर लागतं, दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. कागदावर. आमच्याकडे पाळणाघर म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या बिल्डिंगमधल्या पाळणाघराशी टाय-अप, जायला-यायलाच स्टँडअप मीटिंग संपते. मी वॉशरूममध्ये पंप केलंय, बाहेर कुणीतरी दार वाजवतंय आणि आत मी बाटली धरून उभी. थंड पिशवीत ठेवून घरी नेलं की फ्रिजमध्ये टिकतं, बाहेर आपल्या उन्हाळ्यात चार तासांच्या वर मी तरी ठेवत नाही.

आणि बाळाला पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष! एसटी स्टँडवर पाटी असते, आत सतरंजी, झाडू, जुने फलक, किंवा कुलूप आणि किल्ली कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला. काही स्टँडवर चांगले आहेत हेही सांगते, पंखा, पडदा, बाकडं, आणि बस, आईला अजून काय लागतं? आमदार सरोज अहिरे आठवतात का, डिसेंबर २०२२ ला अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, सगळ्यांनी कौतुक केलं, फोटो झाले. पुढच्या अधिवेशनाला मुंबईत विधानभवनातल्या हिरकणी कक्षात धूळ बघून त्यांनी तिथेच तक्रार केली, मग धावपळ करून साफ झाला. आमदार बाईला विधानभवनात ही गत तर वडूजच्या स्टँडवर कोण विचारतंय.

सायझिंगवाला

इचलकरंजीचाच आहे म्हणून लिहितो. ही २६ आठवड्यांची रजा आमच्या गावात कुणाला माहीतच नाही. कायदा दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला, आणि इथे चार-सहा मागांचा शेड, कांड्या भरणाऱ्या बायका रोजावर. सव्वा महिना झाला की परत. बाळ घरी आजीकडे, आजी काय पाजणार, पावडर नाहीतर गायीचं पाणी घातलेलं दूध. त्या बाईला "सहा महिने फक्त अंगावर" सांगणं म्हणजे तिची टिंगल आहे.

सरकार म्हणतं मातृवंदनाचे, म्हणजे केंद्राच्या बाळंतिणींसाठीच्या योजनेचे पैसे देतो. पहिल्या बाळाला ५०००, दोन हप्त्यांत. अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये किमान ६००० लिहिलंय, तो आकडा जननी सुरक्षाचे पैसे मिळवून सरासरी काढून पूर्ण केला म्हणतात. तमिळनाडूत मुथुलक्ष्मी रेड्डी योजनेत पैसे आणि पोषण किट धरून १८००० आहेत. आम्ही काय कमी श्रीमंत राज्य आहोत का? सहा महिने बाई घरी बसायची तर तिचा रोज बुडतो, तेवढा द्या, मग पोस्टर नाही लावलं तरी चालेल.

चष्मेबद्दूर_कोथरूड

सगळंच सरकारने करायचं का? आमच्या आयांनी कुठल्या योजनेशिवाय पाच पाच मुलं वाढवली.

मृण्मयी_ट

@चष्मेबद्दूर आणि त्या पाचातली जगली किती तेही लिहा की.

सायझिंगवाला

@चष्मेबद्दूर तुमच्या आईच्या वेळी घरात आजी, काकू, दोन आत्या होत्या ना दाखवायला? आता खोलीत ती, बाळ आणि मोबाईल.

नवीआई_इचल

अपडेट देते. माहेरच्या आशाताईंना फोन केला, दुसऱ्या दिवशी आल्या. बसल्या चांगल्या तासभर, मला भिंतीला टेकवून, पाठीमागे उशी, हात कुठे कसा ठेवायचा ते स्वतः धरून दाखवलं. पहिल्या झटक्यात नाही जमलं, चिडले पण, रडले पण. पण नंतर एकदा पकड बसली तेव्हा दुखलं नाही, मला वाटलं ती पीतच नाहीये, तर गळ्यातून घोट घोट आवाज. वजन केलं, वाढतंय. डॉक्टरांशी बोलून वरचं आता रात्री एकदाच देतो, तेही बोंडल्याने. चिरा अजून आहेत. आशाताई म्हणाल्या मला ट्रेनिंगमध्ये बाहुलीवर शिकवलं होतं, खऱ्या बाळावर बायकांनीच शिकवलं.

सासूबाई काल व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या डबा संपला का नाही, नवीन पाठवू का. मी म्हटलं राहू दे. कार्डाचा फोटो बीपीएनआयला पाठवायचा की नाही ते अजून ठरलं नाहीये, निवृत्त काका नाराज होऊ नका. नवरा म्हणतो नावाशिवाय पाठवता येतो का ते आधी विचार.

@सायझिंगवाला दादा, आमच्या समोरच्या खोलीत कांड्या भरणारी एक जण राहते, तिचं बाळ माझ्या मुलीहून दहा दिवसांनी लहान. तिला आशाताईंकडे नेलं काल. ती म्हणाली पुढच्या सोमवारपासून कामावर जाणार. दूध पिळून ठेवायचं शिकवलं तिला, पण तिच्याकडे फ्रिज नाही. थोड्या तासांचं मातीच्या गार जागी चालेल का, कुणी सांगेल का?

रात्रपाळी

स्वच्छ हात, उकळलेली स्टीलची झाकणाची वाटी, घरातल्या सगळ्यात गार जागी, चार तासांत संपवायचं. उरलेलं पुन्हा तापवून द्यायचं नाही. त्यापेक्षा शेड जवळ असेल तर दुपारी आजीने बाळ तिथे नेलेलं बरं, मालकाशी बोलायला लावा कुणाला तरी.

सायझिंगवाला

शेड कुठला ते विपूत (माझ्या विचारपूस पानावर) सांगा, मी बोलतो.

रेवा_बारामती

धागा वाचून विचारतेय, मला दुसरी मुलगी झालीय, पहिलीच्या वेळी मातृवंदनाचे पैसे घेतले होते. आता परत मिळतात का? कुणी म्हणतं एकदाच मिळतात.

पाड्यावरची_ताई

मिळतात. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६००० एकदम. पण बाळ झाल्यापासून २७० दिवसांच्या आत फॉर्म भरायचा, नंतर घेत नाहीत. जन्मनोंदणी आणि पहिल्या लसी झालेल्या लागतात, त्या चौदाव्या आठवड्याच्या धरून. रेशनकार्ड, ई-श्रम किंवा उत्पन्नाचा दाखला यातलं एक. आणि खातं तुमच्याच नावाचं, आधारला जोडलेलं, नवऱ्याचं चालत नाही. अर्ध्या बायकांचे पैसे त्यातच अडकतात, आधी बँकेत जाऊन ते बघा मग अंगणवाडीत या.